दादाच्या प्रोस्टेटचा ब्लॉक

थोरल्या भावाचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यात व्यवस्थित पार पडलं आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ग्रंथी मुळासकट काढली, आता काय उरलं, असंच सगळे म्हणत होते. मी मात्र बायोप्सीच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसले होते. मिरजेत हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी सगळी नोकरी झाली. शरीरातून काढलेल्या अवयवाचं पुढे काय होतं ते रोज हाताखालून गेलेलं. त्यामुळे दादाचा आजार परत उलटणार की नाही, याचा पहिला खरा अंदाज त्या काढलेल्या ग्रंथीतूनच मिळणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रिपोर्ट आला तो असा: ग्लीसन 4+3=7, ग्रेड ग्रुप 3, कॅन्सर ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेलेला, मार्जिन पॉझिटिव्ह (म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर), वीर्यकोश स्वच्छ, लसिकाग्रंथी स्वच्छ. ऑपरेशनआधीचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं आणि रक्तात मोजता येणारं प्रथिन, 8.6. वहिनीने ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचला आणि ती मटकन खालीच बसली. दादाने फोनवर एवढंच विचारलं, “ताई, म्हणजे सगळं निघालं नाही का गं?” (मी धाकटी, पण लहानपणापासून तो मला ताईच म्हणतो.)

ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आलाय त्यांच्यासाठी हे सांगते. ग्लीसन ही पद्धत अमेरिकेतल्या मिनीआपोलिसच्या डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 साली मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशींनी बनवलेल्या बारीक ग्रंथी एकमेकींपासून सुट्या, नीट घडलेल्या दिसल्या तर 3. एकमेकींत मिसळलेल्या, अर्धवट घडलेल्या दिसल्या तर 4. ग्रंथींचा आकारच उरला नसेल तर 5. या 3, 4, 5 ला नमुना म्हणतात, आणि जो नमुना जास्त तो आधी लिहायचा. त्यामुळे 3+4 आणि 4+3 या दोन्हींची बेरीज सातच होते, पण पहिला ग्रेड ग्रुप 2 आणि दुसरा ग्रेड ग्रुप 3. या दोघांच्या परत उलटण्याच्या शक्यतेत चांगलंच अंतर आहे. नुसता ‘ग्लीसन सात’ असा रिपोर्ट कुणी हातात ठेवला तर तो अपुरा समजा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मंडळींनी 2011 मध्ये कॅप्रा-एस नावाची साधी गुणपद्धत दिली. कागद-पेन्सिल घेऊन घरी करता येते. पीएसए 6 ते 10 मध्ये असेल तर 1 गुण, 4+3 ला 2, मार्जिन पॉझिटिव्हला 2, आवरणाबाहेर गेल्याचा 1. दादाचे झाले 6. सहा आणि त्यापुढे म्हणजे जास्त धोका. माझा भाचा शिकागोला असतो. त्यानेही तिकडे बसून हाच हिशेब केला होता, आणि रात्री त्याचा फोन आला. “आत्या, इथे अशा केसमध्ये टिश्यूवर जीन टेस्ट सर्रास करतात. बाबांचा ब्लॉक पाठवून देऊ या का?” (ब्लॉक म्हणजे ग्रंथीचा मेणात जपलेला तुकडा.)

मी म्हटलं, पाठवू, पण आधी तो ब्लॉक नीट वाचला गेलाय का ते बघू.

यामागे माझं कारण होतं. त्या रिपोर्टमध्ये मार्जिन पॉझिटिव्ह आहे एवढंच होतं. कुठे, किती मिलिमीटर, आणि त्या जागी नमुना 3 आहे की 4, यातलं काहीच नव्हतं. 4 चं प्रमाण किती टक्के ते नव्हतं. क्रिब्रिफॉर्म नमुना, म्हणजे चाळणीसारखी भोकं असलेले पेशींचे पुंजके, आहे की नाही यावर अक्षर नव्हतं. आणि हा नमुना दिसला तर आजार परत येण्याची, पसरण्याची भीती वाढते हे आता सगळीकडे मान्य झालेलं आहे. या गोष्टी लिहायला जादा पैसे लागत नाहीत, नवीन मशीन लागत नाही. स्लाइडवर त्या आधीच असतात. जनुकांच्या चाचणीसाठी लाखांत खर्च करायचा आणि डोळ्यांना दिसणारी माहिती कागदावर आणायची नाही, हे मला पटत नव्हतं.

ब्लॉक मिळवणं अवघड नाही, पण मागावे लागतात. आपणहून कुणी देत नाही. पेशंटची सही, ओळखपत्र, दुसरं मत घेतोय असा अर्ज, आणि ब्लॉक नेल्याची पोच. टाटा मेमोरियलला परळला गेलेल्या कुणालाही विचारा, बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या असंच तिथे सांगतात. आमचे ब्लॉक घ्यायला मी स्वतः गेले. काउंटरवरच्या मुलाने आधी नुसत्या स्लाइड पुढे केल्या. मी म्हटलं, ब्लॉकही हवेत, आणि पूर्ण संच हवा. दोन-चार निवडक घेऊन भागत नाही, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी नसतो. एकाच ग्रंथीत दोन-तीन वेगवेगळे पुंजके असतात, त्यांचे स्वभावही वेगळे. चुकीच्या पुंजक्याचा ब्लॉक तपासायला गेला तर कितीही महागडी चाचणी असू दे, उत्तर चुकीच्या प्रश्नाचं येणार.

इथे ब्लॉक म्हणजे काय तेही सांगते. ऑपरेशननंतर ग्रंथी फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, साधारण एक दिवस तरी मुरू देतात. मग तिला बाहेरून शाई लावतात. उजवीकडे एक रंग, डावीकडे दुसरा. ही शाई फार महत्त्वाची. तीच पुढे सर्जनच्या सुरीची हद्द दाखवते. मग टोकं वेगळी काढून बाकीच्या ग्रंथीच्या तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या पाडतात, त्या प्लॅस्टिकच्या कॅसेटमध्ये जातात, आणि पाणी काढून त्यांच्यात मेण भरलं की ब्लॉक तयार. मायक्रोटोमवर त्याचे चार मायक्रॉनचे काप घेतात. हे काप एकमेकांना चिकटून रिबन निघते, ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुती पडू न देता स्लाइडवर उचलायची. फॉर्मॅलिनमध्ये टाकायला उशीर झाला, फॉर्मॅलिन कमी पडलं, की टिश्यू आतून सडायला लागतं. पेशीतल्या जनुकांचा निरोप वाहणारं आरएनए तर आधीच तुटायला लागतं. जनुकांची चाचणी नापास होण्याचं मूळ कितीतरी वेळा ऑपरेशन थिएटरच्या दारात असतं. हे काम करणाऱ्या मुलामुलींचं नाव कुठल्याही रिपोर्टवर नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

मुंबईत मूत्रविकारांच्याच स्लाइड बघणाऱ्या एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम माझ्या ओळखीच्या. त्यांनी मला दोन माणसं एकदम बघू शकतात अशा मायक्रोस्कोपवर समोर बसवलं आणि एकेक स्लाइड दाखवत गेल्या. ग्रंथीच्या खालच्या टोकाच्या स्लाइडवर त्या थांबल्या. निळ्या शाईची रेघ, आणि तिला चार-पाच छोट्या ग्रंथी अक्षरशः टेकलेल्या. नियम असा आहे की कॅन्सर शाईला टेकला तरच मार्जिन पॉझिटिव्ह. मध्ये केसभर जरी स्वच्छ टिश्यू असला तरी निगेटिव्ह. इथे तो टेकला होता, यात शंका नव्हती. पण टेकलेली लांबी एक मिलिमीटरच्या आसपास, आणि टेकलेल्या ग्रंथी सगळ्या नमुना 3 च्या, सुट्या, गोल. मॅडम म्हणाल्या, “हे आणि तीन मिलिमीटरभर नमुना 4 टेकलेला, या दोन्हींना एकच शब्द वापरतात बघा.” 

पुढे मुख्य पुंजक्यातलं 4 चं प्रमाण त्यांनी मोजलं ते सुमारे 35 टक्के. म्हणजे 4+3 नव्हे, 3+4. चाळणीसारखा नमुना कुठेही नाही. आवरणाबाहेर गेलंय ते एका जागी, अगदी थोडं. कॅप्रा-एसच्या हिशेबात सहाचे पाच झाले आणि दादा मधल्या गटात आला. 3 आणि 4 च्या सीमेवर दोन चांगल्या पॅथॉलॉजिस्टचंही एकमत होत नाही, ही जगभरची गोष्ट आहे. पहिल्या डॉक्टरांनी हयगय केली असं मी म्हणत नाही. पण दुसरी नजर फिरवून घेतली नसती तर दादा चुकीच्या गटात धरला गेला असता.

त्याच ब्लॉकवर मॅडमनी पीटेनचं आयएचसी, म्हणजे ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी, करायला सांगितलं. पीटेन हे दहाव्या गुणसूत्रावरचं जनुक, पेशींच्या वाढीला लगाम घालणारं. ते हरवलं की आजार परत येण्याची, पुढे सरकण्याची शक्यता वाढते. प्रोस्टेटमधल्या ज्या टिश्यू बायोमार्करना भरपूर अभ्यासांचा आधार आहे त्यांतला हा एक, आणि खर्च त्यामानाने थोडा. स्लाइडवर पीटेन जिथे आहे तिथे तपकिरी रंग चढतो. यातली सोय अशी की शेजारच्या निरोगी ग्रंथी आपोआप तुलनेला असतात: त्या तपकिरी आणि कॅन्सरच्या तपकिरी न झालेल्या, तर पीटेन गेलं. दोन्ही तपकिरी, तर शाबूत. दादाचं शाबूत होतं. ही स्लाइड बघताना मी बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नाही.

केआय-67 मात्र मी करू दिलं नाही. किती टक्के पेशी विभागताहेत हे ते दाखवतं आणि आकडा जास्त असेल तर धोका जास्त, हे खरं. पण एकाच ब्लॉकचे काप दोन लॅबमध्ये दिले तर आकडे जुळतीलच असं नाही. कुठला भाग मोजला, किती पेशी मोजल्या, यावर ते फिरतं. भाच्याने ईआरजीचंही विचारलं. मिशिगनमध्ये डॉ. अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने 2005 मध्ये टीएमपीआरएसएस2 आणि ईआरजी ही दोन जनुकं प्रोस्टेट कॅन्सरमध्ये एकत्र जुळलेली सापडतात हे दाखवलं, ते या आजाराच्या अभ्यासातलं फार मोठं काम. पण ऑपरेशननंतर आजार उलटणार का, याचं भरवशाचं उत्तर एकट्या ईआरजीवरून मिळत नाही. शिवाय आशियाई पुरुषांत ते युरोपीय वंशाच्या पुरुषांपेक्षा कमी आढळतं. म्हणून तेही सोडलं.

आता राहिली भाच्याची मूळ चाचणी, डिसायफर. तिच्यात ब्लॉकमधल्या सगळ्यात वाईट भागातून आरएनए काढतात, 22 आरएनए खुणा वाचतात आणि 0 ते 1 मध्ये एक आकडा देतात. 0.45 च्या खाली कमी धोका, 0.60 च्या वर जास्त. मेयो क्लिनिकमधल्या ऑपरेशन झालेल्या पुरुषांच्या जपलेल्या टिश्यूवर ती बेतली गेली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी एक प्रोलारिस, ती पेशींच्या विभाजनाशी निगडित 31 जनुकांवर चालते. डिसायफरबद्दल लोकांच्या मनात एक गोंधळ असतो: पीएसए परत वाढेल का, याचा आकडा ती देत नाही. आजार हाडांत किंवा दूर कुठे पसरेल का, याचा देते. या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पीएसए वाढलेले कितीतरी पुरुष पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. जॉन्स हॉपकिन्सच्या 1999 च्या अभ्यासात, ऑपरेशननंतर पीएसए वाढूनही ज्यांना लगेच हार्मोनची औषधं दिली नव्हती त्यांच्यात, पीएसए वाढल्यापासून आजार दूर पसरलेला दिसेपर्यंतचा मध्यम काळ 8 वर्षांचा होता.

दादाच्या ऑन्कोसर्जननी भाच्याला व्हिडिओ कॉलवर सरळ प्रश्न केला. “आकडा जास्त आला तर तुम्ही बाबांना लगेच रेडिएशन देणार का? आणि कमी आला तर पीएसए बघणं सोडणार का?” दोन्हींचं उत्तर नाही असंच होतं. 2020 मध्ये रॅडिकल्स, रेव्हज आणि फ्रान्सची गेटुग-17 अशा तीन उपचार-चाचण्यांचे निकाल आले होते. ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना रेडिएशन देण्यापेक्षा पीएसएवर बारीक लक्ष ठेवून तो वाढायला लागताच दिलं तरी चालतं, आणि कितीतरी जणांचं रेडिएशन टळतं, असा त्यांचा निष्कर्ष. त्या चाचण्यांत ग्लीसन 8 आणि त्यापुढचे, वीर्यकोशात शिरलेले असे पेशंट थोडे होते, म्हणून तसल्या पेशंटना हा निष्कर्ष डोळे झाकून लावू नये, हेही डॉक्टरांनी सांगितलं. दादा त्यांतला नव्हता. भाचा थोडा नाराज झाला. मला त्या डॉक्टरांबद्दल आदर वाटला.

मग सुरू झाली पीएसएची वारी. रक्तातला पीएसए दोन-तीन दिवसांत निम्मा होतो, म्हणून ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी तो जवळजवळ शून्य असायला हवा. दादाचा 0.02 पेक्षा कमी आला. दर तीन महिन्यांनी, दर वेळी एकाच लॅबमध्ये. लॅब बदलली की आकडे हलतात आणि घरात उगाच रडारड होते. पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी 0.05. मग 0.09, मग 0.14. वहिनीने त्या काळात देवघरात किती वाती लावल्या असतील देव जाणे. दादा रानात जायचा, ऊस बघायचा, संध्याकाळी पारावर बसायचा आणि कुणाला काही बोलायचा नाही.

0.21 ला डॉक्टरांनी थांबायचं नाही म्हणून सांगितलं. 0.2 किंवा त्यापुढे, आणि पुन्हा तपासूनही तेवढाच किंवा जास्त, म्हणजे आजार उलटला असं धरतात. प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात कुठे आहे ते शोधणारा पीएसएमए पेट स्कॅन केला. एवढ्या कमी पीएसएला त्यात बऱ्याचदा काही सापडत नाही. दादाच्याही नाही सापडलं. ग्रंथीच्या रिकाम्या जागेवर रेडिएशन द्यायचं हे ठरलं. घोडं अडलं ते पुढे: सोबत हार्मोनची औषधं द्यायची की नाही? दादाला मधुमेह, पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. पुरुष संप्रेरक बंद पाडणाऱ्या औषधांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, स्नायू गळतात, हृदयावर ताण येतो.

आता मीच भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या चाचणीची वेळ आली. कारण आता तिच्या उत्तरावर खरंच काहीतरी ठरणार होतं.

याला आधार होता. अमेरिकेतल्या आरटीओजी 9601 या चाचणीत ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या 760 पुरुषांना रेडिएशन दिलं, आणि त्यांतल्या निम्म्यांना सोबत दोन वर्षं बायकाल्युटामाइड ही पुरुष संप्रेरकाला अडवणारी गोळी. 2017 मध्ये निकाल आला की गोळी घेणारे एकंदरीत जास्त जगले. नंतर त्याच पुरुषांचे जपून ठेवलेले ब्लॉक काढले. पेशंट 1998 ते 2003 मध्ये चाचणीत घेतलेले, मेणात ठेवलेलं टिश्यू इतकं जुनं, तरी 352 जणांचा डिसायफर आकडा निघाला. 2021 मध्ये छापून आलं: आकडा जास्त असलेल्यांना गोळीचा फायदा ठळक, कमी असलेल्यांना फारच थोडा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुण्या टेक्निशियनने मेण नीट भरलं म्हणून आज सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा निर्णय सोपा होतो, हे वाचून मला भरून आलं.

कागदपत्रांची खटपट भाच्याने आणि ऑन्कोसर्जननी मिळून केली, खर्च भाच्याने उचलला. ब्लॉक मॅडमनीच निवडला, नमुना 4 सगळ्यात जास्त असलेला, आणि त्या जागेभोवती पेनने खूण केली. पाठवण्याआधी त्याचे थोडे काप घेऊन मी वेगळे ठेवायला लावले, वाटेत काही झालं तर हात रिकामे नकोत म्हणून. चाचणी नापास होईल ही धास्ती होतीच. झाली नाही.

आकडा आला 0.37. कमी धोका.

दादाला मी समोर बसवून सांगितलं, की याचा अर्थ आजार परत आलेला नाही असा नाही, तो आलाय. याचा अर्थ, त्याच्या जातीचे आजार सहसा लवकर दूर पळत नाहीत. आकडा शक्यतेचा आहे, हमीचा नाही. तो म्हणाला, “मग गोळ्या-इंजेक्शनं नकोत ना?” डॉक्टरांचंही मत तेच पडलं: इतका कमी पीएसए, 3+4, पीटेन शाबूत, डिसायफर कमी, आणि हृदयाचा इतिहास. एकट्या आकड्यावर त्यांनी काही ठरवलं नाही. सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं म्हणून ठरलं.

रेडिएशन झालं 66 ग्रे, 33 भागांत, सोमवार ते शुक्रवार. मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ हवं, हा रोजचा जाच. शेवटच्या आठवड्यात लघवीला जळजळ झाली, ती महिन्याभरात गेली. त्यानंतरचा पीएसए 0.11, पुढचा 0.06, आणि गेल्या तपासणीत 0.03. हार्मोन सुरू केलेले नाहीत. पीएसए पुन्हा चढायला लागला तर तेव्हा करायचे, असं लिहून घेतलंय.

उरलेले ब्लॉक आणि वेगळे ठेवलेले काप मॅडमच्या लॅबमध्ये नोंद करून ठेवलेत. कधी आजार पसरलाच तर बीआरसीए2 सारखी जनुकं तपासायला टिश्यू लागेल, कारण त्यात दोष सापडला तर ओलापॅरिब या औषधाचा मार्ग खुला होतो. पुढची पीएसए तपासणी दिवाळीनंतर आहे, त्याच लॅबमध्ये.